अडीच पानांचा नकार

कंपालाच्या वांदेगेया भागात एका दंतवैद्याकडे स्वागतिकेचे काम करणाऱ्या प्रोस्कोव्हिया नामुद्दू हिला मार्च महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, एका कंपनीचे विनंतीपत्र आले. वेळ नेमकी नमूद करण्याचे कारण असे, की त्या वेळेपर्यंत प्रोस्कोव्हिया सुखी होती.

तिचा एक ब्लॉग होता. नाव ‘सकाळचे पातेले’ आणि विषय एकच, काटोगो. मटोकेची हिरवी केळी सोलून आतड्यांबरोबर किंवा शेंगदाण्याच्या कुटात एकाच पातेल्यात रटरटत शिजवायची आणि कामावर जाण्याआधी उभ्याउभ्या खायची, एवढाच तो पदार्थ. पण कंपालात सकाळी ज्याच्या पोटात काटोगो नाही, त्याच्याशी दुपारपर्यंत कोणी वाद घालत नाही. सात वर्षे प्रोस्कोव्हिया दर शनिवारी एखाद्या टपरीवर जाई, स्वतःच्या पैशाने एक ताटली घेई आणि रविवारी खरे ते लिही. ‘मीठ जास्त. बाई चांगली.’ ‘आतडी नीट धुतलेली नाहीत. मालकाचा चेहराही.’ ‘रांगेत उन्हात उभी राहून केळ्यांच्या आधी मी शिजले.’ असल्या लिखाणाला अकरा हजार वाचक होते. ते तिला काही देत नसत, फक्त तिच्यावर विश्वास ठेवत. म्हणजे त्यांना काहीच खर्च नव्हता.

पत्र ‘म्विंगो ब्रदर्स अँड नेफ्यूज’ या कंपनीचे होते. या कंपनीने ‘पाच मिनिटांत काटोगो’ नावाची पावडर काढली होती. पाकीट फोडायचे, उकळते पाणी ओतायचे, ढवळायचे. ‘आपण आमच्या उत्पादनाबद्दल आपल्या स्वतःच्या भाषेत चार शब्द लिहावेत,’ असे पत्रात म्हटले होते. पुढे लिहिले होते, ‘शब्द सोबत जोडले आहेत.’ बदल्यात दोन खोकी पावडर मिळणार होती.

प्रोस्कोव्हियाला हे करायचे नव्हते. अडचण एकच होती. तिला नाही म्हणता येत नसे. दिवसभरात तिच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द एकाच कारणाने निघे. दाढ धरून आलेल्या माणसाला ती सांगे, ‘दुखणार नाही.’ आणि तेही खरे नसे.

रविवारी ती साखर, पाव आणि साबणाची वडी घेऊन मेंगो भागात सेंगा गोरेट्टीकडे गेली. सेंगा म्हणजे वडिलांची बहीण. भाचीला चारचौघांत कसे बसावे, उठावे आणि बोलावे हे शिकवण्याची जबाबदारी तिची, आणि भाची चुकली तर बोल लागतो तोही तिलाच. प्रोस्कोव्हियाने गुडघे टेकून नमस्कार केला, घरचे, दारचे, कोंबड्यांचे कुशल विचारले, आणि चहाचा दुसरा कप झाल्यावर मुद्द्यावर आली.

“सेंगा, मला एकाला नाही म्हणायचंय.”

सेंगाने कप खाली ठेवला. “लग्नाला?”

“छे गं. पावडरीला.”

“मग सोपं आहे. लग्नाला नाही म्हणायला मला तीन वर्षं लागली होती. तो माणूस अजून दर ख्रिसमसला कोंबडी पाठवतो.” सेंगा झगा सारखा करून सरसावून बसली. “नीट ऐक. आधी त्यांचं कुशल विचारायचं. मग आभार. मग त्यांची तोंडभर स्तुती. मग स्वतःच्या तब्येतीचं काहीतरी. आणि मग वाक्य अर्धवट सोडायचं.”

“आणि नाही कुठे म्हणायचं?”

“म्हणायचं नसतं. ते कळतं.”

“आणि नाही कळलं तर?”

“तर तो माणूस आपल्यातला नव्हे,” सेंगा समाधानाने म्हणाली, आणि तिने पावाचा तुकडा चहात बुडवला.

प्रोस्कोव्हियाने तीन संध्याकाळी खपून नकार लिहिला. तो अडीच पाने झाला. पहिल्या पानावर म्विंगो बंधूंचे आणि पुतण्यांचे कुशल होते. दुसऱ्या पानावर लिहिले होते, ‘आपल्या पावडरीचे पाकीट पाहून माझे मन भरून आले. एवढा मान माझ्यासारखीच्या वाट्याला येईल, असे स्वप्नातही वाटले नव्हते. आपण काटोगोची जी सेवा आरंभली आहे, तिला शब्द अपुरे आहेत.’ उरलेल्या अर्ध्या पानावर एवढेच होते, ‘मध्यंतरी माझे पोट जरा बरे नव्हते. तेव्हा आपण सुज्ञ आहातच...’

पत्र पाठवून तिने सुटकेचा निःश्वास टाकला. चाळीस मिनिटांत उत्तर आले. ‘आपल्या होकाराबद्दल आम्ही अत्यंत आभारी आहोत. पोटाला जपावे.’

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पावडरीची दोनाऐवजी सहा खोकी येऊन पडली. दंतवैद्याने ती पाहिली आणि दात पडलेल्या माणसांसाठी सोय चांगली आहे, असा अभिप्राय दिला.

प्रोस्कोव्हियाने दुसरे पत्र लिहिले. या वेळी मन घट्ट करून तिने ‘सध्या’ हा शब्द घातला. ‘सध्या जमेलसे दिसत नाही’ हे वाक्य लिहून झाल्यावर तिला इतके ओशाळे वाटले, की खाली तिने तीन ओळींची क्षमा मागितली आणि म्विंगो बंधूंच्या धाकट्या पुतण्याला परीक्षेसाठी शुभेच्छा दिल्या. पुतण्या परीक्षा देत होता की नव्हता, हे तिला ठाऊक नव्हते. या पत्राला उत्तर आले नाही. शनिवारी थेट माणूसच घरी आला.

त्याचे नाव देओग्रातियास ब्यामुकामा आणि हुद्दा ब्रँड-संबंध उपअधिकारी. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातला, उंच, अंगाला मोठा होणारा कोट घातलेला, आणि दारात पाय ठेवण्याआधी चार वेळा ‘न्याबो’, म्हणजे ‘बाईसाहेब’, म्हणत परवानगी मागणारा. माणूस वाईट नव्हता. त्यामुळेच पुढचे सगळे अवघड झाले.

“न्याबो, तुमचं पत्र आम्ही ऑफिसात मोठ्यानं वाचलं,” तो खुर्चीच्या अगदी कडेला बसून म्हणाला. “हिशेबखात्यातल्या बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. थोरले म्विंगो म्हणाले, चाळीस वर्षांच्या धंद्यात इतका गोड होकार मिळाला नव्हता.”

“सेबो,” तिनेही तितक्याच अदबीने सुरुवात केली, “ते पत्र... म्हणजे ते जरा दुसऱ्या अर्थानं होतं.”

“कुठल्या?”

प्रोस्कोव्हियाने तोंड उघडले. शब्द दातांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. “चहा घेणार ना?” ती म्हणाली.

त्याने चहा घेतला. दुसऱ्या कपानंतर त्याने स्वतःहून विषय काढला. “न्याबो, माझ्या लक्षात येतंय. तुमच्या मनात थोडी शंका आहे. पण मी तरी काय करू? आमच्या फॉर्मवर तीनच चौकोन आहेत. ‘होकार’, ‘आनंदाने होकार’ आणि ‘होकार, तारीख बाकी’. तुमच्या ‘सध्या’ला आम्ही तारीख बाकीत टाकलंय.”

“नकाराचा चौकोनच नाही?”

“ठेवावा असा प्रस्ताव दोन वर्षांपूर्वी वर गेलाय. मीच पाठवला होता.”

“मग?”

“त्याला साहेबांनी होकार दिलाय,” ब्यामुकामा खिन्नपणे म्हणाला. “तारीख बाकी आहे.”

दहा वाजता आलेला ब्यामुकामा चार वाजेपर्यंत बसला. यजमानिणीने निरोप दिल्याशिवाय उठायचे कसे, हा त्याचा प्रश्न होता. पाहुणा उठल्याशिवाय निरोप द्यायचा कसा, हा तिचा. मधल्या वेळात दोघांचे जेवण झाले, त्याच्या थोरल्या बहिणीच्या गुडघेदुखीवर सविस्तर बोलणे झाले आणि घरातली साखर संपली. साखर संपल्यावरच बिचाऱ्याची सुटका झाली. ज्या माणसाला ती सकाळपासून मनातल्या मनात हाकलत होती, त्याच्या मोटरसायकलला तिने स्वतःच्या हाताने भला थोरला फणस बांधून दिला आणि वर ‘पुन्हा या’ म्हणाली.

एप्रिलमध्ये पाकिटे दुकानात आली. प्रत्येक पाकिटावर प्रोस्कोव्हियाचा हसरा चेहरा होता. तो दवाखान्याच्या भिंतीवरच्या जाहिरातीतून उचललेला होता, त्यामुळे तिच्या खांद्यामागून दात घासायच्या मोठ्या ब्रशचे टोक डोकावत होते. खाली लिहिले होते, ‘पाकीट पाहून माझे मन भरून आले! प्रोस्कोव्हिया, सकाळचे पातेले.’

अकरा हजार वाचकांना जाग आली. सात वर्षे ज्यांनी ‘छान’ याखेरीज एक शब्द लिहिला नव्हता, ते परिच्छेदच्या परिच्छेद लिहू लागले. ‘किती मिळाले?’ हा प्रश्न चारशे जणांनी विचारला. ‘आता तुझाही चेहरा नीट धुतलेला दिसत नाही,’ असे एकाने लिहिले. एका बाईने कळवले, की नवरा गेला तेव्हाही तिला इतके दुःख झाले नव्हते.

आपण नकारच दिला होता हे सिद्ध करण्यासाठी प्रोस्कोव्हियाने अडीच पानी पत्र जसेच्या तसे ब्लॉगवर घातले. ही तिची दुसरी चूक. विद्यापीठात भाषा शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने वाक्य न् वाक्य तपासून जाहीर केले, की पत्रात नकाराचा कोणताही पुरावा आढळत नाही. मात्र लेखिकेला पोटदुखी असावी. मुकोनोच्या एका तरुणाने नाव बदलून तेच पत्र एका मुलीला प्रेमपत्र म्हणून पाठवले. तिने त्याला त्याच आठवड्यात घरी बोलावले. आपण पोट दुखत असल्याचे का लिहिले, याचा खुलासा मात्र त्याला तिच्या वडिलांपुढे करता आला नाही.

इथवर सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण कालेर्वेच्या बाजारात नालोंगो होती.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचे ऐकिवात नाही. पत्र्याच्या आडोशाला दोन पातेली आणि एक लांब दांड्याचा डाव, एवढ्यावर तिने चार मुलांना शिकवले होते. ‘सकाळचे पातेले’ या ब्लॉगचा पहिला लेख तिच्यावर होता. तिने तो वाचला नव्हता, पण फोन हातात धरून गिऱ्हाइके यायला लागली तेव्हा तिने दुसरे पातेले घेतले होते. आता तीच गिऱ्हाइके फोन हातात धरून विचारू लागली, “नालोंगो, खरं सांग, पावडरच घालतेस ना तूही?” त्यांचे गणित सरळ होते. ही बाई पावडरीला चांगले म्हणते. हीच बाई नालोंगोला चांगले म्हणते. तेव्हा पातेल्यात काय असणार ते उघड आहे.

मे महिन्यात दुसरे पातेले पालथे पडले. नालोंगोने मोटरसायकलवाल्याबरोबर निरोप धाडला, “त्या दातवालीला सांग, माझं पातेलं पहाटे चुलीवर चढतं आणि माझे हात भाजतात. तिला म्हणावं, चेहरा दाखवू नकोस.”

निरोप ऐकून प्रोस्कोव्हिया दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून रडली. मग तिने डोळे पुसले आणि कायदेशीर मार्ग धरला. कंपनीविरुद्ध तक्रार करायची तर वस्तीच्या चेअरमनचे पत्र लागते. जन्म, मरण, बँक आणि शेजारणीची बकरी, सगळ्याला लागते. चेअरमन एरिफाझी लुबोवा यांनी तिचे सगळे म्हणणे शांतपणे ऐकले.

“तू म्हणतेस नकार. ते म्हणतात होकार. म्हणजे हा तंटा झाला,” ते म्हणाले. “तंटा झाला की बैठक. बैठक झाली की ठराव. ठरावावर शिक्का. शिक्क्याशिवाय आपल्या मनात काय आहे ते आपल्यालाही सांगता येत नाही, पोरी.”

बैठक रविवारी, आंब्याच्या झाडाखाली, लग्नाच्या मांडववाल्याकडून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर झाली. कार्यक्रमपत्रिका अशी होती: प्रार्थना, स्वागत, मागच्या बैठकीत राहिलेला कचऱ्याचा विषय, आणि नामुद्दू हिने नाही म्हटले आहे काय. ब्यामुकामा फाईल घेऊन आला होता आणि सौजन्य म्हणून संत्र्याच्या सोड्याचे क्रेटही. कचऱ्याचा विषय पुन्हा पुढे ढकलून चिटणिसांनी अडीच पानी पत्र मोठ्याने वाचले. सभा हेलावली. एका म्हाताऱ्याने दुसरे पान पुन्हा वाचायला लावले. सेंगा गोरेट्टी पहिल्या रांगेत बसली होती आणि प्रत्येक वाक्यागणिक आजूबाजूला बघत होती, जणू मुलीचे पाठांतर चालले आहे.

“बाई, तू आता स्वतः सांग,” चेअरमन म्हणाले. “होकार की नकार?”

प्रोस्कोव्हिया उभी राहिली. तेवीस माणसे, सगळी वयाने मोठी, आणि समोर हात जोडून बसलेला ब्यामुकामा. “वडीलधाऱ्यांचा मान राखून,” ती म्हणाली, “आणि सेबो ब्यामुकामांच्या चांगुलपणाबद्दल मनापासून आभार मानून, मला आपलं असं वाटतं, की झालं असतं तर चांगलंच झालं असतं, पण एकंदरीत विचार करता, म्हणजे आपण सगळे जाणतेच आहात...”

“काय लिहू?” चिटणिसांनी विचारले.

“लिहा, अनुकूल,” चेअरमन म्हणाले.

मग हात वर करून मतदान झाले. होकाराच्या बाजूने चौदा, नकाराच्या बाजूने पाच, आणि चौघांनी संत्र्याखेरीज दुसरा सोडा आहे काय, असे विचारले. सेंगाचा हात होकाराच्या बाजूने सगळ्यांत आधी वर गेला.

“सेंगा! तूसुद्धा?”

“हे बघ, तू मला सांगितलं नसतंस तर मलाही कळलं नसतं,” सेंगा अभिमानाने म्हणाली. “इतकं सुरेख लिहिलंयस. आता मी नकार म्हटलं तर माझ्या शिकवणुकीला काय अर्थ राहिला?”

तीन प्रतींवर गोल शिक्का बसला. प्रोस्कोव्हियाचा होकार आता अधिकृत होता. पुढच्या आठवड्यात कंपनीने शिक्क्याची प्रत जोडून तिला ‘आजन्म सदिच्छादूत’ नेमल्याचे कळवले, आणि येत्या शनिवारी पावडरीचा जाहीर उद्घाटन सोहळा ठेवला. जागा कालेर्वेचा बाजार. कंपनीने नीट पाहणी करून, जिथे काटोगो खाणारांची सर्वांत जास्त गर्दी असते, नेमकी ती जागा निवडली होती. म्हणजे नालोंगोच्या आडोशासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला. प्रोस्कोव्हियाने फक्त किटलीतले पाणी ओतायचे होते आणि ‘मन भरून आले’ म्हणायचे होते.

“मी काही म्हणू शकते का?” तिने फोनवर ब्यामुकामाला विचारले.

“काहीही म्हणा, न्याबो. फक्त तुम्ही आला नाहीत तर मला तो फॉर्म भरता येणार नाही. आणि भरता आला नाही तर सोमवारपासून मी ऑफिसात बसणार कुठे, तेही त्या फॉर्मवरच ठरतं.”

शनिवारी ती सकाळी लवकर निघाली आणि आधी नालोंगोकडे गेली. पाऊस पडून गेला होता. तिने चिखलातच गुडघे टेकले.

“काय पाहिजे?” नालोंगोने वर न बघता विचारले.

“एक ताटली.”

“नाही.”

“संपलं का?”

“पातेलं भरलेलं दिसत नाही तुला? तुला नाही.”

प्रोस्कोव्हिया उठून बाजूला उभी राहिली. कुठे जावे ते तिला सुचेना, म्हणून ती बघत राहिली. एक कांदेवाला उधारीवर मागायला आला. नालोंगो म्हणाली, “नाही.” बाजाराची पावती फाडणाऱ्या माणसाला आतड्याचा एक तुकडा वर हवा होता. “नाही.” पोलिसाला आपली मोटरसायकल आडोशाखाली लावायची होती. “नाही, तिथं माझा कोळसा आहे.” प्रोस्कोव्हियाने श्वास रोखून धरला. काहीच झाले नाही. कांदेवाल्याने खिशातून पैसे काढले. पावतीवाला पुटपुटत रांगेत लागला. पोलिसाने गाडी पलीकडे लावली आणि येऊन दोन ताटल्या खाल्ल्या.

“नालोंगो,” तिने न राहवून विचारले, “एवढ्या लोकांना सरळ नाही म्हणतेस, त्यांना वाईट नाही वाटत?”

“वाटतं की. वाटू दे. त्यांचं वाटणं शिजवायला माझ्याकडे वेगळं पातेलं नाही.”

“मला शिकव ना.”

“नाही,” नालोंगो म्हणाली आणि डाव पातेल्यात फिरवू लागली.

प्रोस्कोव्हियाला वाटले, अपमान झाला. रस्ता ओलांडता ओलांडता तिच्या ध्यानात आले, की धडा झाला.

पलीकडे सोहळा भरात होता. ट्रकवर कर्णे लावले होते. दोन पुरुष उंच कापडी फलक धरून उभे होते, त्यावर प्रोस्कोव्हियाचा चेहरा ताटाएवढ्या दातांनी हसत होता. चेअरमन लुबोवा मानाच्या खुर्चीवर होते, शेजारी सेंगा, आणि थोरल्या म्विंगोंच्या मांडीवर फुलांचा गुच्छ. ब्यामुकामा किटली धरून उभा होता. निवेदकाने तिच्या हातात माइक दिला.

“सांगा न्याबो, पाच मिनिटांच्या काटोगोबद्दल आपल्याला काय वाटतं?”

“नाही,” प्रोस्कोव्हिया म्हणाली.

निवेदक अनुभवी होता. “ऐकलंत? बाईंना शब्दच सापडत नाही! किती हा विनय!” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“विनय नाही. नाही म्हणजे नाही.” तिचा आवाज थरथरत होता, पण कर्णे चांगले होते. “ही पावडर मी खाल्लेली नाही. मला ती नको होती, मार्चमध्येही नको होती. अडीच पानांत मी तेच सांगत होते. माझा चेहरा पाकिटावरून काढा. आणि त्या पलीकडच्या पातेल्यात पावडर नाही, तिथं पहाटेपासून माणूस राबतं.”

वजन करणाऱ्याचा काटा हलता राहिला आणि त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. मग गर्दीतून पहिला आवाज आला.

“काय उद्धट बाई आहे!”

त्यासरशी सगळ्यांना बोलता येऊ लागले. असे तोंडावर बोलतात का? पाहुण्यांसमोर? शिकलेली ना ही? चेअरमन उठून म्हणाले, की शिक्का बसलेल्या होकाराला तोंडी नकार देण्याची तरतूद नाही. सेंगा गोरेट्टीने रुमालाने तोंड झाकले आणि शेजारच्या बाईला सांगितले, की मुलगी लहानपणापासून आईच्या वळणावर गेली आहे.

ब्यामुकामाने मात्र किटली खाली ठेवली, एका खोक्यावर बसकण मारली आणि तो हसू लागला. कडेवर न टेकता ऐसपैस बसलेले तिने त्याला प्रथमच पाहिले.

“न्याबो, हे एवढंच होतं? मार्चमध्ये का नाही बोललात?”

“बोलले असते तर तुम्ही काय लिहिलं असतंत?”

त्याने विचार केला. “तारीख बाकी,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग उठला, रस्ता ओलांडून गेला आणि नालोंगोच्या रांगेत उभा राहिला. त्याला ताटली मिळाली. ती हातात घेऊन तो पातेल्याच्या मागे, कोळशाच्या पोत्यावर बसून बराच वेळ जेवत होता. फॉर्म त्याने बहुधा भरलाच नाही. पुढच्या महिन्यात तो एका पंखे विकणाऱ्या दुकानात दिसला.

कंपनीचे शेवटचे पत्र तीन ओळींचे होते. आपल्या भाषेमुळे आमच्या कर्मचाऱ्यांना मनस्ताप झाला असून आपला चेहरा पाकिटावरून काढण्यात येत आहे, असे त्यात म्हटले होते. काढलाही. नव्या पाकिटावर सेंगा गोरेट्टीचा चेहरा आला. आपण त्यांना चांगला तीन पानी नकार पाठवला होता, असे सेंगा आजही सांगते. अजून त्यांना कळेल, अशी तिला आशा आहे.

त्या रविवारी प्रोस्कोव्हियाने ब्लॉगवर आजवरचा सगळ्यांत लहान लेख लिहिला. ‘पावडरीबद्दल लिहिण्याची विनंती आली होती. नाही म्हटले आहे. यापुढे येणाऱ्या सगळ्या विनंत्यांनाही हेच उत्तर.’ आता वाचक परत येतील, असे तिला वाटले होते. ‘किती मिळाले?’ विचारणाऱ्या चारशे जणांना तरी आनंद होईल, असे वाटले होते.

‘म्हणणे बरोबर आहे, पण म्हणायची पद्धत?’ असे त्यांतल्या पहिल्याने लिहिले. ‘घरात शिकवण नाही, दुसरे काय,’ असे दुसऱ्याने. नवरा गेलेल्या बाईने कळवले, की आधीचे पत्र निदान ऐकायला बरे होते. महिन्याभरात अकरा हजारांचे नऊशे चाळीस झाले. बाकीचे एन्टेबेच्या एका नव्या ब्लॉगवाल्याकडे गेले. तो रोज एका कंपनीचे गोडवे गातो आणि त्याचे त्याला मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो प्रत्येकाचे कुशल विचारतो.

प्रोस्कोव्हिया पुढच्या शनिवारी कालेर्वेला गेली, गुडघे न टेकता रांगेत उभी राहिली आणि पाळी आल्यावर तिने ताटली पुढे केली. नालोंगोने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिले, डाव भरून वाढले आणि वर आतड्याचा एक तुकडा ठेवला. चुलीवर त्या दिवशी पुन्हा दोन पातेली होती. पहिलाच घास घेऊन प्रोस्कोव्हिया म्हणाली, “मीठ कमी आहे.”

“नाही,” नालोंगो म्हणाली.

राहिलेले नऊशे चाळीस वाचक फार चांगले आहेत. सत्याची चाड असलेले, जाहिरातबाजीला विटलेले, पावडरीवर बहिष्कार टाका म्हणणारे. त्या लहान लेखाखाली त्यांच्यापैकी एकाने लिहिलेला अभिप्राय सर्वांना सर्वाधिक आवडला आहे. ‘ताई, तुमच्या बाण्याचा आम्हाला अभिमान वाटतो. अशाच राहा. फक्त एक सांगा, ती पावडर आमच्या बाजूला कुठे मिळते? सकाळी फार घाई होते हो.’

ही हकिगत आम्ही आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, ते झाडून सारे प्रोस्कोव्हियाच्या बाजूचे निघाले. आणि निघताना, चपला पायात सरकवता सरकवता, त्यांतल्या प्रत्येकाने आवाज खाली आणून विचारले, की पाच मिनिटांत खरेच होतो का. आपण असले काही विचारणार नाही, याची आम्हाला खात्री आहे. तरी सांगून ठेवतो.

सात मिनिटे लागतात.